महालक्ष्म्यांचं जेवण झालं, आता सोमवारची वाट पाहू नका

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वजन कमी करणारी जी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, त्यांतली बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. कोणी म्हणतं, "सारं पाण्यात गेलं." कोणी म्हणतं, "आता कायचं डाएट, मॅडम." वरूड-मोर्शीच्या या पट्ट्यात त्या दिवसांत एका पंगतीतून उठलं की दुसरीचं बोलावणं आलेलं असतं. पोळ्याच्या करंज्या, महालक्ष्म्यांचं जेवण, कोणाकडचा भंडारा, मग फराळ. किराणा दुकानदार असो, शाळामास्तर असो की नुकतीच साखरेची गोळी सुरू झालेले काका असोत, एका दिवशी जास्त खाल्लं गेलं की सगळ्यांची पुढची वाट एकच होते. ती कुठे चुकते, हे मला एका ताईंच्या गोष्टीतून सांगायचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

ताई अंगणवाडी सेविका. वय चाळिशीच्या आत, रक्तदाब वाढलेला, गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. उन्हाळ्यात 79 किलो होत्या, भाद्रपदापर्यंत 73 वर आल्या. कुठलंही चूर्ण नाही, पेय नाही. रात्रीची पोळी सोडून ज्वारीची भाकर, वरणावर तेलाचा तवंग नाही, पहाटे सडकेने चालणं. चांगलं चाललं होतं. माझ्याकडे आल्या तेव्हा काटा 76 दाखवत होता आणि त्यांचा चेहरा कोणाचा तरी गुन्हा केल्यासारखा होता.

"पाच पोया खाल्ल्या मी, मॅडम, महालक्ष्म्यांच्या जेवनात. वरून आंबील, वडे, कढी. चार महिने जीव मारला अन् एका पंगतीत सारं पाण्यात."

"पाच पोळ्यांनंतर काय झालं?"

"रातच्याले भांडे घासता घासता उरलेलं पुरण खाल्लं. म्हटलं, आता मोडलंच आहे तं मोडू द्या."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"कडक उपास धरला ना जी. पाण्यावर. पन संध्याकायी डोये फिरले. मग साबुदाण्याची उसय खाल्ली, चिवडा खाल्ला, दिसन ते खाल्लं. मग म्हटलं, सोमवारपासून करू."

तो सोमवार आला नाही. तीन आठवडे गेले. वजनकाटा त्यांनी पलंगाखाली सरकवून दिला होता.

"आता मोडलंच आहे" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते मला आता उपासाच्या घरातलं वाक्य वाटतं. आपण लहानपणापासून उपास करत आलो. एकादशीला चुकून अन्नाचा घास तोंडात गेला की उपास मोडला, मग उरलेला दिवस खायला मोकळे. देवाच्या व्रताला हा नियम शोभतो. पण आपण तोच नियम नकळत वजनाच्या आहाराला लावतो. एक पोळी जास्त झाली की दिवस बाटला, दिवस बाटला की आठवडा बाटला, आणि प्रायश्चित्त म्हणून दुसरा दिवस उपाशी. त्या उपाशी दिवसाच्या पोटातूनच पुढचं अधाशी खाणं जन्माला येतं.

हे फक्त आपल्या गावचं नाही. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात सहभागी स्त्रियांना चव पाहण्याच्या निमित्ताने हवं तितकं आइस्क्रीम खायला दिलं होतं, पण त्याआधी काहींना मिल्कशेक पाजला. एरवी कोणीही त्यानंतर कमीच खाईल. पण ज्या स्त्रिया कायम खाण्यावर ताबा ठेवून असायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. पोट भरलेलं होतं, पण मनाने "आजचा दिवस गेला" असा निकाल देऊन टाकला होता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते आणि त्याचा मला अभिमान आहे. घडलेली गोष्ट माणसाला जेवढी पाडत नाही, तेवढी त्या गोष्टीबद्दल त्याने स्वतःला सांगितलेली भाषा पाडते, हे एलिस आयुष्यभर सांगत राहिले. "मी एकदाही चुकता कामा नये" हा हट्ट मनात बसला की पहिली चूक हीच शेवट ठरते. म्हणून ताईंच्या पाच पोळ्यांवर मी फार वेळ घालवला नाही. मला त्या "मोडलंच आहे"पाशी जायचं होतं.

आधी हिशोब केला, कारण ताई हिशोबाच्या पक्क्या. पंगतीच्या दुसऱ्याच सकाळी काट्यावर दोन किलो जास्त दिसले होते आणि तिथेच त्यांचा धीर सुटला होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 उष्मांक, दोन किलोला 15,400. तूप घातलेली मोठी पुरणपोळी 350 उष्मांकांची धरू. मग एका दिवसात दोन किलो चरबी चढायला रोजच्या जेवणावर चाळीसहून जास्त पोळ्या खाव्या लागतील.

"मग थे दोन किलो कायचे होते?"

जास्त करून पाण्याचे. खारट जेवण झालं की अंग पाणी धरून ठेवतं. गोडधोड आणि पोळी-भातातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तिप्पट पाणी बांधलं जातं. शिवाय पोटात असलेल्या अन्नाचंही वजन असतंच. नेहमीचं जेवण सुरू राहिलं की हे काही दिवसांत आपोआप उतरतं. ताईंच्या अंगावर खरं वजन चढलं ते नंतरच्या तीन आठवड्यांत.

हिशोब त्यांना पटला, पण मन हललं नाही. "बरोबर आहे जी तुमचं," त्या म्हणाल्या, "पन मायं मन मले खाते." अशा वेळी आणखी समजावत बसण्यात अर्थ नसतो. पुढच्या भेटीत मी डाएटचा विषयच काढला नाही. अंगणवाडीचं विचारलं.

"महिन्याच्या वजनात एखाद्या लेकराचं वजन घटलेलं निघतं का कधी?"

"निघते ना. ताप येते, जुलाब होते. पावसायात तं लय घटते."

"मग त्याच्या मायला काय सांगता? सारं वाया गेलं, आता सोमवारपासून खाऊ घाल?"

त्या हसल्या. "असं कसं सांगीन, मॅडम? सांगते, का बाई घाबरू नको, आजपासूनच त्याले बरोबर खाऊ घाल, पुढच्या महिन्यात पाहू. तक्त्यातल्या एका टिंबावर काही ठरत नाही. रेष कुठं चालली, थे पाह्याची."

"आणि तिला रागावलात तर?"

"रागावलं तं ते पुढच्या महिन्यात वजनालेच येत नाही. लेकरू घरी लपवून ठेवते."

हे बोलून त्या थांबल्या. मी काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाने तोंड उघडलं की समोरच्याच्या हातातलं निसटतं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मग मी मलेच रागावून राहिली. अन् काटा पलंगाखाली लपवला."

इतक्या वर्षांत माझी एक खात्री पक्की झाली आहे. माणूस जे शहाणपण रोज दुसऱ्याला वाटतो, ते स्वतःला द्यायला विसरतो. शेकडो लेकरांच्या वाढीच्या रेषा वाचणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या चार महिन्यांच्या उतरत्या रेषेवर एक टिंब वर गेलेलं दिसलं आणि रेषच दिसेनाशी झाली. ते तिच्याच तोंडून तिला ऐकवणं, एवढंच माझं काम होतं.

स्वतःशी मऊपणाने बोललं तर माणूस सैल सुटेल, ही भीती मला पुष्कळ जण बोलून दाखवतात. 2007 मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. मुलींना डोनट खायला दिला आणि त्यातल्या काहींना सांगितलं की असं सगळेच खातात, स्वतःला फार लावून घेऊ नका. नंतर गोळ्या-चॉकलेटं समोर ठेवली. खाण्यावर कायम बंधन घालून घेणाऱ्या मुलींमध्ये ज्यांना हा दिलासा मिळाला होता, त्यांनी कमी खाल्लं. दिलाशाने ताबा सुटला नाही, परत आला.

मग करायचं काय? जास्त खाल्ल्यावर येणारं पहिलंच जेवण नेहमीचं घ्या. उपास नाही, पाण्यावर राहणं नाही, दुप्पट चालणंही नाही. रात्री भूकच नसेल तर ताक, थोडं वरण, पण सकाळी नेहमीची न्याहारी झालीच पाहिजे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर शिक्षा म्हणून उपाशी राहणं धोक्याचंही आहे, साखर एकदम उतरते. काट्यावर दुसऱ्या दिवशी चढू नका. आठवड्यातून एक ठरलेला वार, सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि आकडा वहीत. उरलेलं पुरण त्याच संध्याकाळी शेजारी वाटून टाका. आपल्याकडे वाटायला कोणी नाही म्हणत नाही.

पंगतीला उपाशी पोटी जाऊ नका, हेही सांगते. सकाळपासून जागा ठेवून गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत सगळं हरतो. आपल्याकडच्या आग्रहापुढे "पोट भरलं" हे उत्तर टिकत नाही, वाढणारी पोळी टाकूनच जाते. पानात अर्धी पोळी शेवटपर्यंत राहू द्यायची आणि कोणी आलं की तीच दाखवायची. ही युक्ती ताईंचीच, मी आता सगळ्यांना देते. आणि जे वर्षातून एकदाच होतं, ते चवीने खावं. आंबील महालक्ष्म्यांचीच, ती घ्या. भात रोजच असतो.

दिवाळीत ताईंचं पुन्हा एकदा जास्त झालं. चकल्या आणि अनरसे, भावाकडे. फोन आला, पण आवाज वेगळा होता: "जास्त झालं कालच्याले. सकायी भाकर अन् वांग्याची भाजी खाल्ली, अंगनवाडीत आली." एवढंच. संक्रांतीपर्यंत त्या 72 वर होत्या.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. आठवड्यातून एकदा तरी, तीन-तीन महिने, हात थांबवताच येत नाही असं खाणं होत असेल, ते लपून होत असेल, नंतर स्वतःची किळस वाटत असेल किंवा ओकारी काढली जात असेल, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. तो उपचार असलेला आजार आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथपर्यंत जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.