तीन आठवडे झाले, खोकला जात नाही. ताप नाही. डॉक्टरकडे जायला हवं, की घरचेच उपाय चालू ठेवू?

जा. उद्याच जा. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की क्षयासाठी थुंकी तपासायची, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. आपण त्याच भिंतीवर पान थुंकतो.

तुम्ही 'ताप नाही' लिहिलंय म्हणून एवढं लिहायला बसलोय. आमच्या घरात हे दोन शब्द सात आठवडे पुरले.

आम्ही इचलकरंजीचे. अण्णांनी पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवले. मागवाल्याच्या छातीत तंतू जाणार आणि तो खोकणार, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे २०१८ च्या गणपतीत अण्णांना खोकला लागला तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नाही. आईनं अडुळशाचा काढा केला, आलं-मध झालं, हळद-दूध झालं. दादा म्हणाला, "जन्मभर खोकतायत, आता काय नवीन?"

नवीन होतं की. धुळीनं छाती धरते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला जास्त, सुट्टीत जरा मोकळं वाटतं. अण्णांना सुट्टीतही तेवढाच खोकला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, पण थर्मामीटर कोण लावतंय, म्हणून ताप नाही. पहाटे बनियन पिळून काढावा इतका ओला. त्यांनी खिळा ठोकून पट्ट्याला नवीन भोक पाडलं, ते मी समोर बसून बघितलं आणि गप्प बसलो. हे मात्र दादावर ढकलता येत नाही.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांकडे तीन खेपा झाल्या. दर खेपेला सिरप आणि नवीन अँटिबायोटिक. एकदा लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, आठवडाभर बरं वाटलं, घरात सगळे खूश. ते औषध क्षयाच्या जंतूलाही तात्पुरतं दाबतं आणि निदान लांबतं, हे मला नंतर कळलं. छातीचा फोटो काढा, थुंकी तपासा, असं तिन्ही वेळा त्यांच्या तोंडून निघालं नाही. आम्हीही विचारलं नाही.

शेवटी दुसऱ्याच कामाला दारात आलेल्या आशाताईंनी आतला खोकला ऐकला. "किती दिवस झाले?" एवढंच विचारलं आणि दोन डब्या देऊन गेल्या. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं आणि बेडका डबीत टाकायचा. अण्णांनी पहिल्यांदा नुसती लाळ भरली, ती परत आली. दुसऱ्यांदा नीट दिला. सीबीनॅट मशीनवर (थुंकीतला क्षयाचा जंतू शोधणारं मशीन) तपासणी झाली, फुकट. क्षय निघाला. नशीब एवढंच की रिफाम्पिसिनला, म्हणजे क्षयाच्या मुख्य औषधाला, दाद देणारा होता. तेही तीच तपासणी सांगते. सहा महिने गोळ्या, त्याही फुकट. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा आईला वाटलं रक्तच जातंय. पोषणाचे महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे (आता १,००० झालेत).

भांडण इथं सुरू झालं. दादाच्या मुलीची सोयरीक चालली होती, त्याचं म्हणणं बाहेर बोलायचं नाही, विचारलं तर न्यूमोनिया सांगायचा. मी कारखान्यात जाऊन जॉबरला (मागांवरच्या मुकादमाला) सांगितलं, आजूबाजूच्या मागांवरच्यांना सांगितलं. कांड्या भरणाऱ्या एक मावशी सव्वा महिना खोकत होत्या, त्यांचीही थुंकी पॉझिटिव्ह आली. दादा म्हणतो, अण्णांचं नाव घालवलंस. दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. अहो, हवेतून पसरणारा रोग आहे, त्यात नाव कसलं जातंय? न्यूमोनिया सांगितला असता तर त्या मावशी अजून काढाच पीत बसल्या असत्या. आणि पुतणीचं लग्न व्हायचं तिथंच झालं, हे दादा कधी सांगत नाही.

बरं, तुमचं. प्रत्येक लांबलेला खोकला क्षय नसतो, घाबरू नका. सर्दी-तापानंतरचा खोकला कधीकधी आठ आठवड्यांपर्यंतही रेंगाळतो. ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर नाव बघा. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. डॉक्टर गोळी बदलून देतात, आपल्या मनानं बंद करू नका. आडवं पडलं की वाढणारा पित्ताचा असू शकतो, रात्री छातीत शिट्टी वाजत असेल तर दम्याचा. पण क्षय नाही हे ठरवायला फोटो आणि थुंकी लागते, मेडिकलवाल्याचं सिरप नव्हे. बेडक्यात रक्त दिसलं, धाप लागली, छातीत दुखायला लागलं तर आठवडे मोजू नका, त्याच दिवशी जा. लहान मुलांना हे काहीच लावू नका, त्यांना लगेच दाखवा. मी डॉक्टर नाही, माग दुरुस्त करतो.

अण्णा बरे आहेत. दादा गेल्या महिन्यापासून खाकरतोय, विड्या चालूच आहेत. परवा वहिनीकडे डबी देऊन आलो. अजून फ्रीजवरच आहे म्हणे.