पहिली ब्लूज लिक
भो, गिटारवर दहा लिक्स (लिक म्हणजे सुरांचा छोटा तुकडा) एकदम पाठ करायच्या नादी लागू नको, एकच घे. ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाचच सुरांची सरगम, पाचवा फ्रेट (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या). सगळ्यात बारीक तार पहिली धरून तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला तिसरं बोट ठेव, त्याच्यामागं पहिली दोन टेकव अन् तार वर ढकल, सूर दोन फ्रेट चढून दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटशी जुळला पाहिजे, तो वाजवून कानानं तपास, बहुतेकांचा बेंड (तार ढकलून सूर चढवणं) इथंच कच्चा राहतो, माझा तर वर्षभर राहिला. मग दुसरी तार पाचवा, पहिली तार पाचवा, अन् थांब. मेट्रोनोम (टकटक करून लय दाखवणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर. अन् जळगावच्या उन्हाळ्यात घामानं तारा लवकर गंजतात, वाजवून झालं की पुसत जा, शेवभाजी खाऊन तर हात धुतल्याशिवाय गिटार धरूच नको!