थंडीसाठी बेसिल: सुकवावे की गोठवावे?

प्रश्न: आमच्या गच्चीवरील चार कुंड्यांत बेसिल उत्तम फोफावले आहे. गेल्या वर्षी थोडी पाने कुरडयांप्रमाणे गच्चीत उन्हात वाळवली. दोन दिवसांत ती वाळली, परंतु रंग मातकट झाला आणि वास सुक्या गवतासारखा येऊ लागला. थंडीत सूप आणि पास्त्यासाठी पाने हाताशी असावीत अशी इच्छा आहे. आमचे नेमके काय चुकले?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: आपले एकच चुकले, ते म्हणजे ऊन. वाळवण म्हटले की गच्ची आणि ऊन हे समीकरण आपल्या हाडीमासी मुरलेले आहे, आणि कुरडई, पापड, सांडगे यांच्या बाबतीत ते अगदी योग्यही आहे, कारण त्या पदार्थांतून केवळ पाणी काढून टाकायचे असते. बेसिलचे तसे नाही. त्याच्या पानांवर सूक्ष्म तेलग्रंथी असतात आणि बेसिलचा सारा सुगंध त्या ग्रंथींतील उडनशील तेलात असतो. लिनालूल हा त्यातील एक प्रमुख घटक. लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉलही त्यात असते. पाने कडक उन्हात तापली की पाण्याबरोबर हे तेलही उडून जाते आणि तीव्र प्रकाशाने पानांतील हरितद्रव्यही नासते. मागे उरतो तो पानांचा चोथा. म्हणून बेसिल सावलीत, वाहत्या हवेत आणि ४० अंश सेल्सिअसच्या आतच सुकवावे.

आता वेळेविषयी. नाशिकमध्ये या कामासाठी सर्वांत योग्य काळ कोजागरी ते दिवाळी हा होय. पावसाळ्यातील दमट हवा पानांतील ओल ओढून घेत नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणात मी बेसिलच्या दहा-बारा दांड्यांची एक जाड जुडी बांधून स्वयंपाकघरात टांगली होती. बाहेरची पाने चार दिवसांत कुरकुरीत झाली, म्हणून मी निर्धास्त राहिले. आठव्या दिवशी दोरा सोडला, तेव्हा जुडीच्या गाभ्यातील पाने काळी, चिकट झालेली होती आणि देठांच्या बेचक्यांत पांढरी बुरशी धरली होती. सगळी जुडी टाकून द्यावी लागली. ऑक्टोबरमध्ये पाऊस माघारी गेला की हवा कोरडी होते, रोपेही अजून जोमात असतात आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीला अवकाश असतो. बेसिल हे मूळचे उबदार प्रदेशातील झाड असल्यामुळे पारा १० अंशांच्या खाली उतरू लागला की त्याची वाढ थांबते आणि पाने काळवंडतात. तेव्हा थंडी पडल्यावर खुडू, असे म्हणून थांबू नये.

खुडण्याची वेळही महत्त्वाची आहे. शेंड्याला मंजिरीच्या कळ्या दिसू लागतात, पण फुले उमललेली नसतात, त्या सुमारास पानांचा सुगंध सर्वाधिक असतो. फुले आल्यानंतर पाने लहान आणि काहीशी कडवट होत जातात. आदल्या संध्याकाळी रोपावर पाणी शिंपडून धूळ धुऊन काढावी, आणि सकाळी दव सुकल्यावर, परंतु ऊन तापण्यापूर्वी, पानांच्या एखाद्या जोडीच्या किंचित वर दांडी कापावी. खाली दोन-तीन जोड्या राखल्या, तर त्या जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा खुडणी मिळते. पाने हाताळताना चुरगळू नयेत. चुरगळलेल्या जागी पानातील विकर (एन्झाइम) हवेच्या संपर्कात येतात आणि तेवढा भाग सुकण्यापूर्वीच काळा पडतो. कापलेले वांगे काळे पडते, त्यातलाच हा प्रकार.

दांड्यांच्या जुड्या बांधून त्या उलट्या टांगण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. ती ओव्यासारख्या बारीक फांद्यांना शोभते, बेसिलच्या मांसल पानांना तितकीशी मानवत नाही. टांगायचेच असेल, तर एका जुडीत चारपेक्षा अधिक दांड्या घेऊ नयेत. माझा कौल मात्र पाने देठापासून सुटी करून पसरण्याला आहे. मोठी चाळणी, वेताची परडी किंवा चौकटीवर ताणलेली मच्छरदाणीची जाळी घ्यावी, तिच्यावर पाने एकमेकांवर न चढवता एकाच थरात मांडावीत आणि ती चौकट दोन विटांवर किंवा दोन पाटांवर अशी ठेवावी की खालूनही हवा खेळेल. लासलगाव-पिंपळगावकडची कांदाचाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यामागचे मर्म वेगळे सांगायला नको: चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो आणि बाजूच्या पट्ट्यांत फटी ठेवलेल्या असतात, त्या कांद्याच्या थरातून वारा खेळावा म्हणूनच. खोलीत थेट ऊन येऊ देऊ नये, पंखा मंद ठेवावा आणि दिवसातून एकदा पाने अलगद उलटावीत. कोरड्या ऑक्टोबरात साधारण आठवडाभरात पाने तयार होतात.

ती तयार झाली की नाही, हे पानाच्या कडेवरून ठरवू नये, कारण कड सर्वांत आधी वाळते. पानाची मधली शीर आणि देठ यांच्या जोडावर बोटाने दाब द्यावा. जोड वाकला तर आत ओल आहे, आणि काडीसारखा कट्कन तुटला तर पान वाळले. ताज्या पानांचे सुमारे नऊ दशांश वजन पाण्याचेच असल्यामुळे अर्धा किलो पानांतून जेमतेम ५०-६० ग्रॅम सुके बेसिल हाती येते, तेव्हा बरणी भरली नाही म्हणून निराश होऊ नये.

साठवताना पाने अखंडच ठेवावीत. चुरा केला की तेलग्रंथी फुटतात आणि वास बरणीतच विरून जातो. चुरायची ती वापरतेवेळी, तळहातावर, भांड्याच्या अगदी वर धरून. घट्ट झाकणाच्या, पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत पाने सैलसर भरावीत आणि पहिला आठवडा ती बरणी रोज न्याहाळावी. काचेवर आतून बाष्प दिसले किंवा पाने पुन्हा मऊ लागली, तर ती लगेच काढून आणखी दोन दिवस पसरावीत. बुरशी दिसली, तर मात्र सगळी बरणी रिकामी करावी. आठवडा उलटल्यावर बरणी बंद कपाटात ठेवावी. शेगडीच्या वरची फळी सोयीची खरी, परंतु उष्णता आणि वाफ या दोहोंमुळे मसाल्यांची सर्वाधिक हानी तिथेच होते. झाकणावर तारीख लिहावी. सहा महिन्यांपर्यंत वास उत्तम राहतो आणि वर्षभरात बरणी संपवावी. ताज्या चिरलेल्या पानांच्या तीन चमच्यांऐवजी सुक्या चुऱ्याचा एक चमचा पुरतो, आणि तो शेवटी वरून न भुरभुरता टोमॅटोच्या रश्शात पंधरा-वीस मिनिटे शिजू दिला तर अधिक खुलतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. सुके बेसिल म्हणजे ताजे बेसिल नव्हे. सूप, टोमॅटोचा सॉस, पिझ्झा यांसाठी ते चांगले आहे. परंतु हिरवीगार चटणी किंवा पेस्तो (बेसिलची इटालियन चटणी) करायचा असेल, तर सुकवण्यापेक्षा गोठवणे कितीतरी सरस ठरते. पुढच्या प्रश्नाचे उत्तर आपणही अवश्य वाचावे.

प्रश्न: बेसिलची जुडी फ्रीजमध्ये कोथिंबिरीसारखी डब्यात ठेवली, तरी दोन दिवसांत पाने काळी पडतात. मग फ्रीझरमध्ये ती टिकतील कशी?
— एक वाचक, निफाड

उत्तर: आपण निफाडचे आहात, तेव्हा थंडी पिकाचे काय करते हे आपल्याला अधिक ठाऊक असणार. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तीच भीती बेसिलला फ्रीजच्या ४-५ अंशांची असते. कोथिंबिरीला ते तापमान मानवते, बेसिलच्या पेशींना मात्र त्या थंडीत इजा होते आणि पाने काळी पडतात. म्हणून ताजी जुडी फ्रीजमध्ये ठेवूच नये. दांड्यांची टोके तिरपी कापून त्या फुलांप्रमाणे पाण्याच्या पेल्यात उभ्या कराव्यात, वरून पिशवी सैलसर झाकावी आणि पाणी दिवसाआड बदलावे. पाच-सात दिवस पाने तजेलदार राहतात, आणि काही दांड्यांना पाण्यातच मुळे फुटतात. त्या कुंडीत लावता येतात.

फ्रीझरमध्येही पाने तशीच कोंबली तर काळीच होतील, परंतु तिथे आपल्याला उपाय करता येतो. उकळत्या पाण्यात पाने पाच ते दहा सेकंद बुडवावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. एवढ्याने रंग काळवंडणारे विकर निष्क्रिय होतात. मग पाने मुठीत हलके पिळून, थोड्या तेलाबरोबर मिक्सरमध्ये फिरवून बर्फाच्या ट्रेमध्ये भरावीत आणि घट्ट झाल्यावर वड्या पिशवीत काढून हवा दाबून बंद करावी. वडी न वितळवता थेट गरम सॉसमध्ये टाकावी. या वड्या सहा महिने छान हिरव्या राहतात. सॅलडसाठी त्यांचा उपयोग नाही, कारण पानाचा कुरकुरीतपणा गोठवल्यावर परत येत नाही.

प्रश्न: लोणच्याप्रमाणे बेसिलची ताजी पाने तेलात बुडवून बाटलीत भरली, तर वर्षभर टिकतील का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर: कृपया असे करू नका. लोणचे टिकते ते तेलामुळे नव्हे, तर मीठ आणि आंबटपणा यांमुळे. तेल केवळ वरची हवा अडवते. बेसिलच्या ताज्या पानांत पाणी भरपूर आणि आंबटपणा नगण्य असतो, आणि तेलाखाली हवा पोहोचत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला वाढण्यासाठी नेमकी हीच परिस्थिती लागते. त्याचे विष जिवावर बेतणारे आहे आणि तेलाच्या रंगावरून किंवा वासावरून ते ओळखता येईलच असे नाही. ताज्या पानांचे तेल करायचेच असेल, तर थोडे करावे, फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे, अथवा वर सांगितल्याप्रमाणे गोठवावे. ओट्यावर ठेवलेली अशी बाटली कोणाच्या घरी असेल, तर ती चाखून न पाहता टाकून द्यावी.

प्रश्न: आमच्याकडे पाऊस आणि धुके यांमुळे काहीच वाळत नाही. मायक्रोवेव्ह चालेल का?
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर: थोड्या पानांसाठी चालेल. दोन कागदी रुमालांच्या मध्ये एकाच थरात पाने ठेवून अर्धा मिनिट चालवावे, नंतर दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबून पाहावे. पाने करपायला वेळ लागत नाही, म्हणून तेथून हलू नये. घरी अन्न सुकवण्याचा ड्रायर असेल तर तो ३५ ते ४० अंशांवर ठेवावा, ते अधिक खात्रीचे.

प्रश्न: बेसिल म्हणजे आपली तुळसच का? आणि सब्जाचे रोपही तसेच दिसते, त्याची पाने सुकवून वापरावीत का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: तुळस आणि बेसिल ही ऑसिमम या एकाच कुळीतील दोन निरनिराळी झाडे आहेत. वृंदावनातील तुळस ही ऑसिमम टेन्युइफ्लोरम, तर बेसिल ही ऑसिमम बेसिलिकम. सब्जा मात्र बेसिलचाच सख्खा भाऊ आहे. फालुद्यात फुगून येते ते बी याच जातीचे. त्याच्या पानांचा वास बाजारातील इटालियन बेसिलपेक्षा उग्र असतो, परंतु ती खाण्यास योग्य आहेत आणि वर सांगितलेल्या रीतीनेच सुकतात. पदार्थात ती निम्म्या प्रमाणात घालून पाहावीत.

पुढील वर्षासाठी बी धरायचे असेल, तर एक रोप न खुडता राखावे. सब्जा आणि गोडे बेसिल शेजारी असतील, तर मधमाश्यांमुळे त्यांचा संकर होऊन पुढची रोपे भलत्याच वासाची निघू शकतात, म्हणून राखलेल्या रोपाची कुंडी दूर हलवावी. मंजिरी तपकिरी होऊन वाळली की ती कागदावर चोळून बी सुपात हलकेच पाखडून घ्यावे आणि कागदी पुडीत ठेवावे. रुजण्यासाठी त्याला २० अंशांपुढची ऊब लागते, म्हणून नाशिकमध्ये ते जानेवारीत पेरण्याची घाई करू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्रीचा गारवा सरल्यावर पेरावे आणि वरून मातीचा अगदी पातळ थर द्यावा.