बाटली सापडली दिवाळीत, पण सुरुवात मेसमध्ये झाली असेल

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर ‘कोट्यातला’ म्हणून टोमणे खातो, आणि दिवाळीत घरी आला तेव्हा बॅगेत चपटी सापडली. वडील म्हणतात, संगत वाईट. मला दारू सोडून अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संगत असेलही. पण माझ्या बाबतीत घोट फार नंतर आला. पहिल्या आठवड्यात मेसमध्ये एकाने नाव विचारलं. सांगितलं. ‘आडनाव?’ तेही सांगितलं. मग ‘रँक किती?’ आणि शेजारच्याकडे बघून हलकंसं हसू. झालं. शिवी नाही, मारामारी नाही. तक्रार करायची तर कशाची? त्यानंतर मी मेस बंद व्हायच्या बेतात जेवायला जाऊ लागलो. गार वरण, वाळलेल्या पोळ्या, रिकामं टेबल. कोणी कुठेही हसलं तरी वाटायचं, आपल्यावरच. रात्री आडवं पडलं की दिवसभराचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून. झोप उडाली, अभ्यास सुटला, विषय राहिले. मग ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणायला लोक मोकळे. आणि एक दिवस मलाच ते पटलं. ते टोमण्यांपेक्षा वाईट होतं.

हे माझ्या एकट्याच्या मनाचे खेळ नव्हते, हे फार उशिरा कळलं. २००७च्या सुखदेव थोरात समितीच्या अहवालात दिल्लीच्या एम्समधले दलित-आदिवासी विद्यार्थी त्रासाला कंटाळून होस्टेलच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र राहायला गेल्याची नोंद आहे. वाचताना मला माझं ते रिकामं टेबल आठवलं.

दारूने डोक्यातला पहारेकरी दोन तास झोपायचा, एवढंच. झोप पटकन लागते, पण पहाटे तीनला टक्क जाग, छातीत धडधड. मग दुसऱ्या दिवशी थोडी जास्त.

आता कामाचं. तो रोज भरपूर पीत असेल तर ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालू नका. एकदम सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर मराठीतही, फुकट बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं तो बोलला तर मात्र त्याला एकटं सोडू नका. कॉलेजचंही सोडू नका: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२च्या नियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय. तारीख, वेळ, कोण काय बोललं, हे त्याला लिहून ठेवायला सांगा. (आमच्या वेळी असं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.) समुपदेशकाने ‘मनावर घेऊ नकोस’ म्हटलं तर सरळ दुसरा शोधा.

आणि फोनवर ‘पितोस का रे?’ विचारू नका, खोटं बोलेल. मीही बोलायचो. ‘किती वाजता जेवलास, कुणाबरोबर?’ एवढंच विचारा.