शनिवार-रविवार मोकळा आहे, श्यामेनजवळ एकटीनं कुठं जाऊ?

प्रश्न : ताई, मी पारोळ्याची, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. नवीन मशीनच्या ट्रेनिंगसाठी कंपनी मला आणि दोन सिनियर सरांना चीनला पाठवतेय, श्यामेन म्हणून गाव आहे तिथं. मधला शनिवार-रविवार सुट्टी आहे. सर म्हणतात आम्ही हॉटेलवर झोपणार, मला ते नकोय. मैत्रीण म्हणते शांघाय करून ये. आणि पप्पा म्हणतात, "तठे कोन शे आपलं, गुपचूप हॉटेलवर बस." एकटीला जाता येईल असं जवळचं, फार टुरिस्टी नसलेलं काही आहे का? भाषा येत नाही, मी अंडंसुद्धा खात नाही, आणि बिझनेस व्हिसावर फिरलं तर चालतं का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : शांघाय डोक्यातून काढ बाई. श्यामेनहून ते हजारेक किलोमीटर आहे, दोन दिवसातला बराच वेळ गाडीत जाईल आणि पाहशील काय तर उंच बिल्डिंगी. तू च्वानचौला जा. श्यामेनहून फास्ट ट्रेननं तासाभराच्या आतच पोचतेस. आपल्याकडे हे नाव कुणी ऐकलेलं नसतं पण सातआठशे वर्षांपूर्वी हे जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं, अरब, इराणी, आपले तमिळ व्यापारी सगळे तिथं दुकान मांडून बसलेले, मार्को पोलोनं झैतून म्हणून ज्या बंदराचं वर्णन केलंय ते हेच. २०२१ ला युनेस्कोनं तिथल्या २२ जागा मिळून जागतिक वारसा यादीत घेतल्या. आणि हो, तिकीट काढताना स्पेलिंग दोनदा बघ, इंग्रजीत ते क्यू नं सुरू होतं आणि जी नं सुरू होणारं ग्वांगचौ हे भलतंच मोठं शहर आहे, भलत्याच दिशेला.

आधी व्हिसाचं सांगते. बिझनेस व्हिसावर शनिवार-रविवार फिरायला अडचण नाही, तिबेटसारखे वेगळी परवानगी लागणारे भाग सोडले तर. फक्त तुझा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर श्यामेनच्या धक्क्यावरून जिनमेनला ज्या बोटी जातात ना, त्यात कुणी कितीही आग्रह केला तरी बसू नको. ते बेट तैवानच्या ताब्यात आहे, म्हणजे तू चीनमधून बाहेर पडलीस असं होतं, आणि मग परत आत यायचे वांधे. मशीन, ट्रेनिंग, कंपनी सगळं अलीकडे आणि तू पलीकडे!

आता मोबाईल, कारण तिथं सगळं मोबाईलवर चालतं. आपल्याकडे २०२० ला वीचॅट आणि अलीपे या तिथल्या पैसे द्यायच्या दोन्ही ॲपवर बंदी आली, त्यामुळे इथल्या स्टोअरवर ते सापडणार नाहीत. आपलं यूपीआय दुकानात दाखवलंस तर तिथला माणूस तुझ्याकडे बघत राहील. म्हणून सोमवारीच मशीनवाल्या कंपनीच्या माणसाला सोबत घेऊन पासपोर्टवर तिथलं सिमकार्ड घे, आणि अलीपे सुरू करून त्याला तुझं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घे. कार्डाचा इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमधून घरूनच चालू करून जा, आणि भारतातलं सिम चालू ठेव कारण ओटीपी त्याच्यावर येणार. मंगळवार ते शुक्रवार चहा, पाणी, बस सगळं त्यानंच देऊन बघ. काही अडलं तर शुक्रवारपर्यंत निस्तरायला माणसं आजूबाजूला आहेत, शनिवारी नसतील. तरीसुद्धा थोडे युआन रोख जवळ असू दे, दुकानदाराला रोख नाकारता येत नाही, सुटे नाहीत म्हणून कुरकुर करेल तेवढंच.

गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा तिथल्या वायफायवर बंद. पण भारतातल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग घेतलंस तर व्हॉट्सॲप चालतं, त्यामुळे पप्पांना रोज संध्याकाळी फोटो जाईल एवढं पॅक नक्की घे, नाहीतर ते दूतावासात फोन लावतील. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन डाउनलोड करून ने, हे तर विसरूच नको, आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरात लिहिलेला कागद पर्समध्ये ठेव, बॅटरी संपली की तो कागदच कामाला येतो.

ट्रेनचं तिकीट पंधरा दिवस आधी सुटतं. ट्रिपडॉटकॉमवर आपल्या कार्डानं निघतं, किंवा स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून. वेगळं कागदी तिकीट लागत नाही, तुझा पासपोर्ट हेच तिकीट, गेट त्यानं उघडलं नाही तर बाजूला माणूस बसलेला असतो त्याच्याकडे जायचं. भुसावळला गाडी सुटता सुटता पळत चढायची सवय असेल तर ती इथं चालणार नाही. आत जाताना बॅग मशीनमधून जाते आणि गाडीचं गेट सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं, म्हणून पाऊण तास आधी जा. च्वानचौला एकापेक्षा जास्त स्टेशनं आहेत, तू नुसतं 'च्वानचौ' लिहिलेलं जुनं स्टेशन धर, पूर्व आणि दक्षिण म्हणून जी आहेत ती २०२३ ला सुरू झालेल्या नव्या लाइनवरची आहेत, जुन्या गावापासून लांब पडतात.

राहायचं जुन्या गावात, पश्चिम रस्ता म्हणतात त्याच्या आसपास. परदेशी माणसाला हॉटेल नाकारता येत नाही, सरकारनं २०२४ ला तसं बजावलंय, पण छोट्या हॉटेलात काउंटरवरच्या पोराला परदेशी पासपोर्टची पोलीस नोंद कशी करायची हेच माहीत नसतं आणि तो हात जोडून नाही म्हणतो. बुकिंगआधी मशीन कंपनीच्या कुणाला तरी फोन करून विचारायला लाव. ही नोंद २४ तासात व्हावी लागते, हॉटेल असेल तर तेच करतात.

शनिवारी सकाळी सामान टाकलंस की सरळ खाययुआन मंदिरात. हे बौद्ध मंदिर ६८६ सालचं. दोन दगडी पॅगोडे आहेत, तेराव्या शतकातले, चाळीस मीटरच्या वर उंच, १६०४ च्या मोठ्या भूकंपातसुद्धा पडले नाहीत. सगळे लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात आणि निघून जातात. तू तसं करू नको. मुख्य सभामंडपाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. तिथं काळपट हिरव्या दगडाचे दोन खांब आहेत, सोळा बाजूंचे, बाकीच्या खांबांपेक्षा एकदम वेगळे. जवळ जाऊन बघ. गोल चौकटीत नरसिंह बसलाय! हिरण्यकश्यपू मांडीवर आडवा. दुसऱ्या चौकटीत उखळाला बांधलेला कृष्ण दोन झाडांमधून जातोय. कुठं पारोळा, कुठं चीन, आणि आजीनं सांगितलेली गोष्ट तिथल्या दगडात. चौथऱ्याच्या कडेनंपण वाकून बघ, माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग अशा आकृतींच्या फरश्या आहेत, सत्तरच्या वर. तिथं राहणाऱ्या तमिळ व्यापाऱ्यांनी शंकराचं मंदिर बांधलं होतं, १२८१ चा तमिळ शिलालेखच सापडलाय, ते मंदिर पुढं मोडलं आणि मिंग राजांच्या काळात बौद्ध मंदिराची दुरुस्ती निघाली तेव्हा त्याचे दगड इथं वापरले. त्या खांबांजवळ गाइडचा घोळका क्वचितच येतो, निवांत अर्धा तास काढता येतो.

दुपारनंतर थुमन रस्त्यावर. तिथं १००९ साली बांधलेली दगडी मशीद आहे, आणि तिला जवळजवळ लागून ग्वानयुए मंदिर, उदबत्तीच्या धुरानं भरलेलं, पाय ठेवायला जागा नाही. तिथं थोडा वेळ नुसतं उभी राहा. बायाबापे हातात अर्धचंद्रासारखे दोन लाल लाकडी तुकडे घेतात, एक बाजू सपाट एक फुगीर, मनातलं विचारतात आणि खाली टाकतात. एक सपाट एक फुगीर पडला तर देव हो म्हणाला, दोन्ही फुगीर वर आले तर नाही, दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय, परत नीट विचार. आपल्याकडे देवाला कौल लावतात तसंच अगदी. माझ्यापुढं एक आजी होती, तिला बहुतेक हवं ते उत्तर येत नव्हतं, ती टाकत होती, उचलत होती, पुटपुटत होती, शेवटी हो आलं तेव्हा मागच्या रांगेनंसुद्धा हुश्श केलं.

रविवारी लुओयांग पूल. (या नावाचं वेगळं शहर उत्तरेत आहे, ॲपला नीट सांग, नाहीतर ते तुला हजार किलोमीटरचा रस्ता दाखवेल.) गावापासून टॅक्सीनं जाता येतं. १०५३ ते १०५९ मध्ये खाडीच्या तोंडावर बांधलेला दगडी पूल, आणि त्यांनी काय डोकं लावलं माहितीये, पायाचे दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्याच्यावर शिंपले वाढवले! कालवं चिकटून चिकटून दगड जोडले गेले. ओहोटीच्या वेळी गेलीस तर खांबांचा बुडखा आणि त्याच्यावरचे खरखरीत शिंपले दिसतात, भरतीत नुसतं पाणी दिसेल, म्हणून वेळ हॉटेलवाल्याला विचारून निघ.

तिथून वेळ उरला तर श्युनपू. कोळ्यांचं गाव, बायका अंबाड्याभोवती ताज्या फुलांचे गोल माळतात, जुन्या घरांच्या भिंती कालवांच्या शिंपल्यांच्या. हे गाव आता रीलवाल्यांचं झालंय, गल्लीगल्लीत फुलं माळून फोटो काढून देणारी दुकानं आहेत. हौस असेल तर कर, मी नाही म्हणत नाही, भाव आधी ठरव. पाऊस असेल तर हे दोन्ही सोड आणि सागरी संग्रहालयात जा, अरबी, तमिळ, सिरियाक (पश्चिम आशियातल्या ख्रिश्चनांची जुनी लिपी) असे कुठल्या कुठल्या लिपीतले कबरीचे आणि देवळाचे दगड तिथं आहेत. ते सोमवारी बंद असतं, तुला फरक पडत नाही.

आणि पप्पांना सांग, एकट्या बाईला रात्री दहाला रस्त्यानं चालायला भीती वाटेल असं ते गाव नाही. लोक टक लावून बघतील, एखादी मुलगी सेल्फी मागेल, इतकंच. गोड बोलून चहाच्या दुकानात चला म्हणणारं अनोळखी कुणी भेटलं तर नको म्हण, बिल नंतर हजारात येतं. पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स १२०, आणि आपली वकिलात ग्वांगचौला आहे, श्यामेन-च्वानचौचा फुजियान प्रांत तिच्याकडेच येतो.

प्रश्न : मागं तुम्ही चीनला जाणाऱ्यांना जेवणाचं नंतर सांगते म्हणालात आणि राहूनच गेलं. मुलगा कामासाठी तिकडे चाललाय, आम्ही माळकरी, कांदा-लसूण चालतो पण मासळीचा वासही नको. सोबत काय काय देऊ?
— एक आई, धुळे

उत्तर : हाव, राहिलं खरं. वरच्या पारोळ्याच्या पोरीनंपण वाचावं. तिकडे समुद्राकाठी प्रत्येक गोष्टीत मासळी. बिनामांसाची भाजी मागितली तरी डुकराच्या चरबीत परतून आणि वर कालवाचा सॉस घालून देतील, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. म्हणून 'वो छ् सू' हे पाठ करायला लावा, मी शाकाहारी आहे असं, आणि मांस, मासे, अंडं, चरबी, कालवाचा सॉस काही नको हे चिनी अक्षरात लिहून मोबाईलमध्ये ठेवा. मोठ्या बौद्ध मंदिराच्या आसपास शाकाहारी खानावळ शोधायची, तिथं तर कांदा-लसूणही नसतो. च्वानचौकडे शेंगदाण्याचं गोड सूप मिळतं, आणि समुद्री शेवाळाची मध घातलेली थंडगार जेली, दोन्ही चालतील. फळं भरपूर, त्या बाजूला केळीच्या बागापण आहेत.

सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले पोहे द्या. तूप, पेढे, खवा नको, दुधाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या, बिया कस्टमला चालत नाहीत. जळगावची केळी तर मुळीच नको, विमानतळावर डब्यात टाकून देतील आणि पोराचा जीव हळहळेल.

प्रश्न : चीननं आता व्हिसा काढून टाकलाय असं रीलमध्ये पाहिलं. खरं आहे का? आणि थेट विमान आहे का?
— शिरपूर

उत्तर : बऱ्याच देशांसाठी काढलाय, भारतासाठी नाही. ती २४० तासांची ट्रान्झिट सवलतसुद्धा, म्हणजे तिसऱ्या देशात जाताना वाटेत बिनाव्हिसा थांबायची, ठरावीक ५५ देशांना आहे, त्यात आपण नाही. रील बनवणाऱ्याचा पासपोर्ट कुठला होता ते बघा. थेट विमानं २०२० पासून बंद होती, ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगचौपासून परत सुरू झाली, पुढं दिल्लीहूनपण. ग्वांगचौहून पुढं देशांतर्गत विमान घेणार असाल तर पॉवर बँकवर चीनचा सुरक्षिततेचा थ्रीसी (3C) शिक्का असायला हवा, जून २०२५ पासून तो नियम आहे, नसेल तर सिक्युरिटीला काढून घेतात. आपल्याकडच्या बहुतेक पॉवर बँकवर तो नसतो, त्यामुळे तिथं उतरल्यावर एक घ्या नाहीतर पुढचा प्रवास ट्रेननं करा. १ ऑक्टोबरचा आठवडा आणि त्यांचं नवीन वर्ष मात्र टाळा, तिकीटच मिळणार नाही.