‘अमली पदार्थांचा शोध’ : घ्यायचा, लागायचा की लावायचा?

एका वाचकांनी प्रश्न विचारला आहे. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या ‘इंटरडिक्ट’ कायद्यावर ते एक टिपण लिहीत होते आणि त्याला त्यांनी ‘सीमेवरील बंदरांत बेकायदा अमली पदार्थांच्या शोधासाठी कायदा’ असे शीर्षक दिले होते. ते वाचून त्यांच्या स्नेह्यांनी विचारले, ‘‘आहेत ते पुरेनात, म्हणून आणखी शोधायला कायदा केला की काय?’’ इथे ‘शोध’ हा शब्द चुकला का, चुकला असेल तर ‘तपास’, ‘छडा’ किंवा हिंदी मजकुरात दिसणारा ‘संसूचन’ यांपैकी कोणता घ्यावा, आणि शीर्षकात याखेरीज काही खटकते का, असे ते विचारतात.

स्नेह्यांची थट्टा बिनबुडाची नाही. ‘शोध’ हे नाम मराठीत एकटे उभे केले की त्याचा निम्माच अर्थ हाती लागतो. उरलेला निम्मा त्याच्या मागून येणारे क्रियापद सांगते. हरवलेल्या मुलाचा शोध आपण घेतो, नशीब असेल तर त्याचा शोध लागतो, आणि लुई पाश्चर रेबीजच्या लसीचा शोध लावतो. घेणे हा प्रयत्न झाला, लागणे हे त्याचे फळ झाले, आणि लावणे म्हणजे आजवर कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट जगापुढे आणणे झाले. शीर्षकात जागा कमी म्हणून क्रियापद गळते आणि ‘च्या शोधासाठी’ एवढेच उरते, तेव्हा वाचक गळलेले क्रियापद आपल्या मनाने भरतो. ‘मुलाच्या शोधासाठी’ या शब्दांवर कोणी हसत नाही, कारण मुलाचा शोध कोणी लावत नसतो. पदार्थाचा मात्र लावता येतो, आणि पदार्थ रासायनिक असेल तर वाचकाचे मन सीमेवर पोचण्याआधी प्रयोगशाळेत शिरते. ज्या फेंटानिल या अमली पदार्थासाठी हा कायदा मुख्यतः करावा लागला, त्या फेंटानिलचा ‘शोध’ बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास खरोखरच लावलेला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना शमवण्यासाठी ते आजही रुग्णालयांत रीतसर वापरले जाते. तेव्हा ‘फेंटानिलचा शोध’ हे शब्द यान्सेन यांच्या चरित्रातही बसतात आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या बातमीतही बसतात, आणि दोन्हीकडे त्यांचा अर्थ अगदी निराळा होतो.

वाचकांनी ‘शोध’ हा शब्द ज्या इंग्रजी ‘डिटेक्शन’साठी घातला, त्याचे मराठी करताना ते या तिन्हींपैकी कशाचे नाम आहे, हे आधी ठरवले पाहिजे. माझ्या मते ते ‘लागणे’चे नाम आहे. मराठीत या ‘लागणे’चे एक कुटुंबच आहे: शोध लागतो, पत्ता लागतो, माग लागतो, छडा लागतो, ठाव लागतो, सुगावा लागतो, चाहूल लागते. या सगळ्यांत ज्याला कळते तो चतुर्थीत जातो, ‘अधिकाऱ्याला सुगावा लागला’ असे आपण म्हणतो, म्हणजे कळणे ही त्याने केलेली कृती नसून त्याच्या बाबतीत घडलेली घटना असते. त्याने फार तर शोध घ्यायचा, माग काढायचा. लागणे न लागणे त्याच्या हाती पूर्णपणे नसते. कायद्यालाही नेमके इथेच बळ द्यायचे आहे. शोध अधिकारी आधीही घेतच होते. तो लागण्याचे प्रमाण कमी होते.

ते कसे, हे एकदा जवळून पाहिले म्हणजे कोणता शब्द कुठे बसतो हे आपोआप उमगते. १० जानेवारी २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झालेल्या या कायद्याने सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खात्याला रासायनिक तपासणीची उपकरणे वाढवण्यास सांगितले, त्यासाठी ९० लाख डॉलरची तरतूद केली, आणि त्या उपकरणांनी दिलेल्या निकालांचा अर्थ लावण्यासाठी शास्त्रज्ञ कामकाजाच्या सर्व वेळेत उपलब्ध असावेत अशीही व्यवस्था ठेवली. यांतली काही उपकरणे हातात धरण्याजोगी असतात आणि ‘रामन परिणामा’वर चालतात, तोच परिणाम जो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली जगापुढे मांडला. अधिकारी पांढऱ्या भुकटीची पारदर्शक पिशवी न उघडता तिच्यावर लेझरचा झोत धरतो. परत फिरणाऱ्या प्रकाशाचा एक अत्यंत लहानसा अंश आपली तरंगलांबी बदलून येतो. हा बदल ज्या त्या रेणूचा वेगळा असतो, आणि उपकरण तो आपल्या साठ्यातल्या नोंदींशी जुळवून पडद्यावर एखादे नाव दाखवते. अडचण अशी की, फेंटानिल फार थोड्या प्रमाणातही भारी पडते, सुमारे २ मिलिग्रॅम मात्रा जीवघेणी ठरू शकते, आणि म्हणून ते बहुधा दुसऱ्या भुकटीत चिमूटभर मिसळलेले असते. अशा मिश्रणात त्याची खूण इतर पदार्थांच्या खुणांखाली बुजून जाते आणि पडद्यावर त्याचे नाव उमटतच नाही.

म्हणजे इथे दोन पायऱ्या आहेत. ‘काहीतरी आहे’ असे कळणे ही पहिली, आणि ‘ते अमुकच आहे’ असे ठरणे ही दुसरी. सीमेवरचा शिकवलेला कुत्रा पहिल्या पायरीवर थांबतो: त्याला वास लागतो, तो गाडीच्या दाराशी जाऊन बसकण मारतो, आणि पिशवीत नेमके काय आहे हे सांगण्याची जबाबदारी दुसऱ्यांवर टाकून मोकळा होतो. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ दुसरी पायरी चढतो. मराठीत पहिलीसाठी ‘सुगावा लागणे’, ‘अस्तित्व कळणे’ आणि दुसरीसाठी ‘ओळख पटणे’ अशी तयार रूपे आहेत. भाषांतरात दोन्हींना सरसकट ‘शोध’ म्हटले तर कायद्यात शास्त्रज्ञ कशासाठी आले, हेच वाचकाला कळणार नाही.

आता विचारलेल्या पर्यायांकडे वळू. ‘तपास’ इथे चालणार नाही, कारण आजच्या मराठीत तपास गुन्ह्याचा होतो आणि तो गुन्हा उघडकीला आल्यानंतर सुरू होतो. माल पकडल्यावर तो कोणी पाठवला, पैसे कोणी पुरवले, हा तपास. एका अक्षराने वाढलेली ‘तपासणी’ मात्र वेगळी असते. ती येणाऱ्या प्रत्येकाची, संशय नसतानाही होऊ शकते, आणि उपकरणांच्या संदर्भात तोच शब्द योग्य आहे. मी स्वतः एकदा ‘वाहनांचा तपास’ असे लिहून बसलो होतो आणि वाचणाऱ्याने ‘वाहने चोरीला गेली होती का?’ असे विचारल्यावर चूक लक्षात आली. ‘झडती’ तपासणीपेक्षा कडक; तिच्यात सामान उचकटणे, खिसे चाचपणे येते. ‘छडा’ लावायला काहीतरी रहस्य लागते. खुनाचा छडा लागतो, टोळीचा लागतो, पण भुकटीचा छडा लागला असे कोणी म्हणत नाही.

‘संसूचन’ हा हिंदीतल्या पारिभाषिक कोशांतला शब्द आहे, तिथे तो शोभतो आणि तिथेच असू द्यावा. मराठी वाचकाला त्यात ‘सूचना’ ऐकू येईल आणि कोणी कोणाला काय सुचवले, असा प्रश्न पडेल. यंत्रासाठी आपल्याकडे ‘धातुशोधक’मधला ‘शोधक’ रुळलेला आहेच. हिंदीमार्गे भाषांतर करताना ‘शोध’ ज्यापासून आला त्या ‘शुध्’ या संस्कृत क्रियाधातूचा आणखी एक खड्डा लागतो आणि कायद्यांच्या बाबतीत त्यात हमखास पाय जातो. ‘शुध्’ म्हणजे शुद्ध होणे. त्यापासून आलेले ‘शोधन’ अजूनही शुद्धीकरणाच्या अर्थाने वावरते, म्हणून ‘अमली पदार्थांचे शोधन’ लिहिले तर तो माल गाळून अधिक चोख केल्यासारखे होईल. ‘संशोधन’ हिंदीत दुरुस्तीचा अर्थ टिकवून आहे आणि मराठीत तो संपूर्णपणे ज्ञानाच्या शोधाकडे गेला आहे. हिंदी बातमीतले ‘संशोधन विधेयक’ म्हणजे आपले सुधारणा विधेयक. त्यात संशोधन करायला कोणी निघालेले नसते.

विधेयकाचा विषय निघालाच आहे तर जाता जाता सांगतो की इंग्रजीत मांडलेला मसुदा आणि झालेला कायदा या दोन्हींना मिळून ‘लेजिस्लेशन’ हा एक ढोबळ शब्द आहे, मराठीत तसा नाही, आणि ‘कायदा मांडला’ असे लिहिणे म्हणूनच चूक ठरते. मांडले जाते ते विधेयक. ‘इंटरडिक्ट’वर स्वाक्षरी झालेली असल्यामुळे आपले वाचक त्याला बिनदिक्कत कायदा म्हणू शकतात.

शीर्षकात खरे खटकते ते ‘बंदर’, आणि ही चूक ‘शोध’पेक्षा मोठी आहे. अमेरिकी कायद्यात देशात शिरण्याच्या प्रत्येक अधिकृत जागेला ‘पोर्ट ऑफ एन्ट्री’ म्हणतात, मग ती समुद्रकाठी असो, विमानतळावर असो वा वाळवंटातल्या रस्त्यावर. अमेरिकेतले सॅन डिएगो आणि मेक्सिकोतले तिहुआना यांच्यामधले सॅन इसिद्रो हे असे एक ‘पोर्ट’ आहे. तिथे जहाज लागत नाही, मोटारींच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या रांगा लागतात. जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका कायद्याच्या नावातच ‘पोर्ट्स’ आहे, आणि त्याचे नाव ‘अमेरिकेची बंदरे सुरक्षित करणारा कायदा’ असे उतरवले की वाचकापुढे गलबते आणि गोद्या उभ्या राहतात. प्रत्यक्षात तो कायदा सांगतो की जमिनीवरच्या सीमेतून आत येणाऱ्या मालमोटारी, प्रवासी गाड्या आणि मालगाड्या यांचे मोठ्या यंत्रांनी, न उघडता होणारे स्कॅनिंग शंभर टक्क्यांपर्यंत नेण्याची योजना सरकारने आखावी. यासाठी मराठीत ‘नाका’ हा सोयीचा शब्द आहे. जिथे थांबवतात, बघतात आणि मग सोडतात तो नाका, हे आपल्याला पूर्वापार माहीत आहे. जमिनीवरच्या जागेला ‘सीमानाका’ म्हणावे, आणि विमानतळासह सगळ्या जागा अभिप्रेत असतील तर ‘प्रवेशनाका’ म्हणावे. याच कायद्यातल्या ‘स्कॅनिंग’ला मी मुद्दाम तपासणी म्हटलेले नाही, कारण प्रत्येक गाडीचे क्षकिरण चित्र घेतले म्हणून प्रत्येक गाडीची तपासणी झाली असे होत नाही; ते चित्र कोणीतरी पाहावे लागते.

‘अमली’ की ‘अंमली’, असे प्रश्नात विचारलेले नाही, पण पुढे कोणीतरी विचारीलच. दोन्ही रूपे छापलेली दिसतात. एका लेखात एकच रूप ठेवावे एवढेच पथ्य. गंमत अशी की मूळ अरबी ‘अमल’ म्हणजे काम, कृती. मराठीत त्याचा एक पाय सत्तेकडे गेला, त्यातून पेशव्यांचा अंमल, पोलीस अंमलदार आणि अंमलबजावणी हे शब्द आले. दुसरा पाय नशेकडे गेला, त्यातून भांगेचा अंमल चढू लागला. ‘अमली पदार्थविरोधी कायद्याची अंमलबजावणी’ या चार शब्दांत चोर आणि शिपाई एकाच घराण्यातले निघतात. ‘बेकायदा’ हे विशेषण काहींना इथे फाजील वाटते. मी ते ठेवीन, कारण वर सांगितल्याप्रमाणे फेंटानिल औषध म्हणून कायदेशीरही आहे आणि सीमेवर दोन्ही प्रकारचे येऊ शकते.

मग ‘शोध’च्या जागी काय घालावे? ‘शोधून काढणे’ चटकन सुचते, पण त्याने मूळ दुखणे जात नाही: शास्त्रज्ञ नवे औषध ‘शोधून काढतात’च. ‘सापडणे’ स्वच्छ आहे, पण त्यात प्रयत्न नाही. वाटेत पडलेले नाणेही सापडते. ‘पकडणे’ आणि ‘जप्त करणे’ ही पुढची पायरी आहे, आणि ‘इंटरडिक्ट’ या नावात अभिप्रेत असलेला ‘अटकाव’ही पुढचाच. माझे मत ‘हुडकणे’च्या बाजूने पडते. हुडकायची वस्तू आधीपासून असते, कोणीतरी दडवलेली असते, आणि ‘हुडकून काढणे’ म्हटले की शोध घेणेही आले आणि तो लागणेही आले. नवा पदार्थ मात्र कोणी हुडकून काढत नाही. हा शब्द थोडा बोलीतला वाटतो, औपचारिक टिपणात शोभेल का, अशी शंका काहींना येईल. मला तो घरंदाज वाटतो, आणि ज्यांना नकोच वाटेल त्यांनी ‘दडवलेले अमली पदार्थ शोधणे’ असे लिहावे. ‘दडवलेले’ या एका विशेषणाने प्रयोगशाळा दृष्टीआड होते.

तेव्हा शीर्षक असे करता येईल: ‘प्रवेशनाक्यांवर बेकायदा अमली पदार्थ हुडकून काढण्याची क्षमता वाढवणारा कायदा’. मूळ शीर्षकापेक्षा ते लांब झाले आहे हे मान्य. जागेची फारच अडचण असेल तर ‘क्षमता वाढवणारा’ गाळून ‘काढण्यासाठी कायदा’ एवढ्यावर भागवावे, पण क्रियापद गाळू नये.