पटावरचे वाघच नेहमी का जिंकतात?

प्रश्न : काठमांडूहून आम्ही पितळी सोंगट्यांचा ‘बाघचाल’चा पट आणला. सोबत नियमांचा कागद नसल्यामुळे ऐकीव माहितीवरच आम्ही खेळतो. माझी नऊ वर्षांची मुलगी हौसेने शेळ्या घेते, पण दर वेळी हरते, आणि आता वाघांची बाजू मुळातच वरचढ आहे असे तिचे ठाम मत झाले आहे. ते खरे आहे का? शिवाय दहा-बारा शेळ्या मांडून झाल्यावर त्या सरकवता येतात का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. वीसच्या वीस शेळ्या पटावर उतरेपर्यंत एकही शेळी जागची हलत नाही. शेळ्यांची बाजू दर पाळीला एक नवी शेळी रिकाम्या बिंदूवर ठेवते. चार कोपऱ्यांत बसलेल्या वाघांना मात्र पहिल्या पाळीपासून रेघेवरून एक बिंदू सरकण्याची, किंवा लगतच्या शेळीवरून सरळ रेघेत पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर उडी घेऊन ती शेळी मारण्याची मुभा असते. एका पाळीत उडी एकच. पाच शेळ्या मेल्या की वाघ जिंकतात, चारही वाघ कोंडले गेले की शेळ्या. तिरक्या रेघा पटाच्या २५ पैकी १३ बिंदूंतूनच जातात हेही मुलीला दाखवून ठेवा. नसलेल्या रेघेवरून मारलेली उडी हे आमच्याही घरातल्या भांडणांचे हमखास कारण होते.

म्हणजे शेळ्यांचा डाव खरा ठरतो तो मांडणीत. मुले बहुधा वाघाला अडवायच्या घाईने शेळी पटाच्या मध्यभागी ठेवतात, आणि तिथे ती आठही दिशांनी उघडी पडते. याउलट कडेवरच्या शेळीवरून उडी फक्त कडेच्याच रेघेने घेता येते, आणि कोपऱ्यातली शेळी तर मारताच येत नाही. पहिली शेळी एखाद्या कडेच्या मधल्या बिंदूवर ठेवावी. कोपऱ्यातला वाघ तिला येऊन भिडला, तर दुसरी शेळी तिच्या पलीकडे लगेच ठेवावी. आता दोघींपैकी कोणावरूनही उडी घेतली तरी उतरायला जागा नाही. अशा कडा भरत भरत आत सरकणे कंटाळवाणे वाटते खरे, पण वाघ कोंडले जातात ते त्यामुळेच.

मुलीच्या तक्रारीबद्दल सांगायचे, तर लिम यू जिन आणि युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही, तर हा खेळ बरोबरीत सुटतो. तेव्हा पट पक्षपाती नाही. मात्र नवख्याच्या हातात शेळ्या अवघड जातात, हे तिचे म्हणणे मला मान्य आहे. काही दिवस पाचऐवजी सात शेळ्या मेल्यावर वाघ जिंकले असे धरा आणि दर डावाला बाजू बदला. वाघ तिच्याकडे असताना तुमच्या शेळ्या कुठे बसतात, ते ती आपोआप पाहील.